शिखर झालं कधी, कळलं कधी

निफ्टीने २७ सप्टेंबर २०२४ च्या शुक्रवारी २६,२७७.३५ हा उच्चांक केला आणि तो २६,१७८.९५ वर बंद झाला. आज चार्ट उघडला की कुणीही त्या कँडलवर बोट ठेवून म्हणतो, टॉप इथे झाला. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी हे कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं. सोमवारी, ३० तारखेला, निफ्टी ३६८ अंकांनी घसरून २५,८१०.८५ वर बंद झाला. १ ऑक्टोबरचा बंद भाव २५,७९६.९०. २ तारखेला गांधी जयंतीची सुट्टी. ३ तारखेला २५,२५०.१०, ४ तारखेला २५,०१४.६० आणि सोमवारी, ७ ऑक्टोबरला, २४,७९५.७५. आता सांगा, यातल्या कुठल्या दिवशी संगणकाने ‘शिखर झालं’ असं म्हणायला हवं होतं?

या पुस्तकातली झाडून सारी सूत्रं या एका प्रश्नाभोवती फिरतात. ‘ज्याच्या उजवीकडचे दोन बार त्याच्याहून खाली आहेत तो टॉप’ असा नियम धरला, तर २७ सप्टेंबरचं शिखर १ ऑक्टोबरचा बाजार बंद झाल्यावर पक्कं होतं. तोवर निफ्टी उच्चांकापासून ४८० अंक खाली आलेला असतो. उजवीकडे पाच बार हवेत असं म्हटलं, तर ७ ऑक्टोबर उजाडतो आणि घसरण पोहोचते १,४८१ अंकांवर, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या पुढे. बार न मोजता टक्के मोजायचे ठरवले आणि फक्त बंद भाव पाहिले, तर शिखराची तारीखच बदलते. बंद भावाचा उच्चांक २६,२१६.०५ हा आदल्या दिवशीचा, २६ सप्टेंबरचा. त्याच्या पाच टक्के खालची पातळी २४,९०५ च्या आसपास येते आणि ७ ऑक्टोबरच्या बंदला ती तुटते.

म्हणजे प्रत्येक शिखराला दोन तारखा असतात. एक ते झाल्याची, दुसरी ते झाल्याचं कळल्याची. या दोन्ही तारखा जपणारं सूत्र खरं, असं माझं मत आहे. पहिली तारीख ठसठशीत दाखवून दुसरी गिळून टाकणारं सूत्र चार्टवर देखणं दिसतं, आणि त्याच्या भरवशावर सौदा करणाऱ्याचे पैसे जातात. हे पुस्तक लिहायला घेतलं ते यासाठीच.

सूत्रांसाठी मुख्य आधार ॲमिब्रोकरचा घेतला आहे. पोलंडच्या टोमाश यानेच्को यांनी नव्वदच्या दशकात अमिगा संगणकासाठी हा प्रोग्राम लिहायला सुरुवात केली, नावातला ‘अमि’ तिथून आला. त्याची सूत्रभाषा, म्हणजे एएफएल, आपल्याकडच्या ट्रेडरांमध्ये चांगली रुळलेली आहे. मराठी मुलं कॉलेजात सी ही संगणकभाषा शिकून आलेली असोत वा नसोत, एएफएलच्या दहा-बारा ओळी वाचून त्यांना अर्थ लागतो. मेटास्टॉकमध्येही रेफ, एचएचव्ही, झिग, पीक ही फंक्शन्स याच नावांनी भेटतात, फक्त कंसातला क्रम कधी कधी बदलतो. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टची मांडणी निराळी असल्याने तिचा विचार त्या त्या ठिकाणी केला आहे. सूत्रं इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. एच म्हणजे त्या बारचा उच्चांक, एल म्हणजे नीचांक, सी म्हणजे बंद भाव.

शिखर ओळखायचा खटाटोप संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. चढती शिखरं आणि चढत्या दऱ्या म्हणजे तेजी, उतरत्या म्हणजे मंदी, ही चौकट चार्ल्स डाऊच्या लिखाणातून उभी राहिली. डाऊ १९०२ मध्ये वारला. नेमकं कशाला शिखर म्हणायचं, याचं गणिती उत्तर त्याने मागे ठेवलं नाही. ते पुढच्यांनी आपापल्या परीने दिलं.

मला यातलं सर्वांत आवडतं उत्तर निकोलस डार्वासचं आहे. हंगेरीत जन्मलेला हा व्यावसायिक नर्तक. कार्यक्रमांच्या निमित्ताने तो देशोदेशी फिरत असे आणि न्यूयॉर्कचे भाव त्याला दलालाच्या तारेतून कळत. समोर चार्ट नाही, बाजारातल्या कुजबुजी कानावर येत नाहीत, हातात फक्त काही शेअरांचे आकडे. त्या आकड्यांवरून त्याने ‘बॉक्स’ची पद्धत बसवली आणि १९६० मध्ये पुस्तक लिहून ती सांगितली. बॉक्सचा वरचा कडा ठरवण्याचा त्याचा नियम एका वाक्यात मावतो: नवा उच्चांक झाल्यावर सलग तीन दिवस तो ओलांडला गेला नाही, तर तो उच्चांक म्हणजे बॉक्सचं छत. या नियमात तीन दिवसांची वाट पाहणं उघडपणे लिहिलेलं आहे. छत कधी झालं आणि ते छत आहे हे कधी कळलं, दोन्ही गोष्टी त्यात आल्या. संगणकाशिवाय, हॉटेलच्या खोलीत बसून केलेली ही व्याख्या आजच्या कितीतरी विकाऊ इंडिकेटरांपेक्षा प्रामाणिक आहे. म्हणून पुस्तकातलं पहिलं पूर्ण सूत्र डार्वासचंच आहे.

दुसरा धागा रिचर्ड डॉन्चियनचा. गेल्या चार आठवड्यांचा उच्चांक ओलांडला की खरेदी, नीचांक तोडला की विक्री, इतका त्याचा नियम साधा. १९८३ मध्ये रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी ज्या नवशिक्यांना ‘टर्टल’ म्हणून तयार केलं, त्यांच्या वीस आणि पंचावन्न दिवसांच्या नियमांचं मूळ याच विचारात आहे. इथे शिखराच्या उजवीकडे काही बघायचंच नसतं. ठरावीक दिवसांच्या खिडकीतला सर्वांत वरचा भाव घ्यायचा, बस्स.

आणि नेमक्या या सर्वांत सोप्या सूत्रात नवशिके पहिली ठेच खातात. वीस दिवसांचा उच्चांक ओलांडणारे शेअर शोधायचे म्हणून ते लिहितात:

एच > एचएचव्ही(एच, २०)

स्कॅन चालवला की एकही शेअर येत नाही. पुढच्या दिवशीही नाही, महिनाभर चालवला तरी नाही. मग डेटा तपासला जातो, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला जातो. दोष मात्र सूत्रात असतो. एचएचव्ही, म्हणजे खिडकीतला सर्वांत वरचा भाव काढणारं फंक्शन, आजचा बारही खिडकीत मोजतं. आजचा उच्चांक सर्वांत वरचा असेल तर तोच एचएचव्ही होतो, आणि कुठलाही आकडा स्वतःपेक्षा मोठा असू शकत नाही. खिडकी एक बार मागे सरकवली की काम होतं:

एच > रेफ(एचएचव्ही(एच, २०), -१)

रेफमधला उणे एक म्हणजे कालचा बार. हे चिन्ह नीट लक्षात ठेवायला हवं, कारण एएफएलमध्ये तिथे अधिक एक लिहिलं तर सूत्र उद्याचा बार वाचतं. जुन्या डेटावर ते बिनतक्रार वाचतंही. पाइन स्क्रिप्टमध्ये चौकोनी कंसातला एक म्हणजे कालचा बार, तिथे उणे लागत नाही. उच्चांक किती बार मागे झाला हे विचारलं तर एएफएलचं एचएचव्हीबार्स धन आकडा देतं आणि पाइनचं हायेस्टबार्स ऋण. एका भाषेतून दुसरीत सूत्र नेताना या चिन्हापाशी थांबा.

खिडकीच्या सूत्राचा आणखी एक गुण म्हणा की दोष, तो म्हणजे विसरणं. वीस बार उलटले की शिखर खिडकीबाहेर पडतं आणि एचएचव्हीची रेषा एकदम खाली येते. बाजारात त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. नवखा माणूस त्या पायरीलाही संकेत समजतो.

आता ज्याला स्विंग हाय म्हणतात त्याकडे वळू. मधला बार उंच, दोन्ही बाजूंचे दोन-दोन बार ठेंगणे. बिल विल्यम्सने यालाच फ्रॅक्टल म्हटलं आणि ते नाव बाजारात रुळलं. हे सूत्र दोन तऱ्हांनी लिहिता येतं, आणि त्या दोन तऱ्हांमधला फरक ज्याला कळला त्याला हे पुस्तक निम्मं कळलं. पहिली तऱ्हा अशी:

एच > रेफ(एच, -१) आणि एच > रेफ(एच, -२) आणि एच > रेफ(एच, १) आणि एच > रेफ(एच, २)

वाचायला ती अगदी व्याख्येबरहुकूम आहे. चार्टवर बाण बरोबर शिखराच्या डोक्यावर उमटतो. पण २७ सप्टेंबरच्या बारवर ही अट खरी ठरायला ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर या दोन बारांचे भाव लागतात. बॅकटेस्टमध्ये हीच अट विक्रीचा संकेत म्हणून वापरली, तर संगणक २७ तारखेला विकतो, १ तारखेची माहिती हाताशी धरून. दुसरी तऱ्हा अशी:

टॉप = रेफ(एच, -२) == एचएचव्ही(एच, ५)

ही ओळ चालू बारवर उभी राहून फक्त मागे पाहते. गेल्या पाच बारांतला सर्वांत वरचा भाव दोन बारांपूर्वीचा आहे का, एवढंच ती विचारते. १ ऑक्टोबरच्या बंदला उत्तर ‘हो’ येतं आणि बाण १ ऑक्टोबरवर उमटतो. शिखराचा भाव हवा असेल तर पुढची ओळ लिहायची:

टॉपभाव = व्हॅल्यूव्हेन(टॉप, रेफ(एच, -२))

शिखर किती बारांपूर्वी झालं हे काढायचं तर बार्ससिन्स(टॉप) मध्ये दोन मिळवायचे. ते दोन मिळवायला विसरलं की शिखराची आडवी रेषा चुकीच्या बारपासून सुरू होते, आणि रेषा दिसायला ठीकच असल्यामुळे चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. व्हॅल्यूव्हेनला तिसरा आकडा म्हणून दोन दिला की त्याआधीचं शिखर मिळतं. ही दोन शिखरं ताडून पाहिली की डाऊची ‘उतरती शिखरं’ एका ओळीत पकडता येतात. पाइनमधलं पिव्होटहाय हेच काम दुसऱ्या तऱ्हेने करतं: उजवीकडचे बार पुरे झाल्यावरच आकडा देतं, तोवर काहीच देत नाही. मात्र चित्र काढताना लोक ते तितके बार मागे सरकवून छापतात आणि बघणाऱ्याला बाण शिखरावर दिसतो. चित्रापुरतं हे चालेल, अलर्ट आणि बॅकटेस्टमध्ये चालणार नाही.

या पुस्तकात शिखराचं प्रत्येक सूत्र चार्टवर दोन खुणा करतं. शिखराच्या बारवर पोकळ वर्तुळ, आणि ते पक्कं झालं त्या बारवर भरीव चौकोन. चार्ट त्यामुळे जरा गजबजलेला दिसतो. पण वर्तुळ आणि चौकोन यांच्यामधलं अंतर डोळ्यांसमोर राहणं मला चार्टच्या देखणेपणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पाच बारांच्या सूत्रात एक बारीक खोच आहे, तिच्यावर एक अख्खं प्रकरण खर्चलं आहे. लागोपाठ दोन बारांचे उच्चांक अगदी सारखे असले तर वरची ओळ दोघांनाही शिखर ठरवते. निर्देशांकात असं क्वचित होतं. स्वस्त शेअरांत मात्र नेहमी होतं. एनएसईवर पूर्वी शेअरचा भाव पाच पैशांच्या पायरीने हलत असे. १० जून २०२४ पासून अडीचशे रुपयांखालच्या शेअरांसाठी ही पायरी एक पैशाची झाली. वीस रुपयांच्या आतल्या शेअरमध्ये पाच पैशांची पायरी असताना दिवसभराचा भाव मोजक्याच पायऱ्यांत फिरायचा, त्यामुळे जुन्या डेटात सपाट माथे जागोजागी सापडतात. उपाय असा, की उजवीकडे काटेकोर ‘मोठा’ ठेवायचा आणि डावीकडे ‘मोठा किंवा समान’:

रेफ(एच, -२) > एचएचव्ही(एच, २) आणि रेफ(एच, -२) >= रेफ(एचएचव्ही(एच, २), -३)

मग सपाट माथ्यातला शेवटचा बार तेवढा शिखर ठरतो आणि मोजणी दुप्पट होत नाही.

झिगझॅगबद्दल सविस्तर बोलायलाच हवं. ॲमिब्रोकरमध्ये पीक(एच, ५) लिहिलं की पाच टक्क्यांच्या झिगझॅगमधलं अलीकडचं शिखर मिळतं. एक फंक्शन, एक आकडा, काम फत्ते. सोय मोठी आहे आणि धोकाही त्याच मापाचा आहे. हे फंक्शन शिखराच्या बारपासूनच शिखराचा भाव दाखवू लागतं, म्हणजे पाच टक्के घसरण व्हायच्या कितीतरी आधी. पीकबार्स (शिखर किती बार मागे झालं) जिथे शून्य आहे तिथे विका, ट्रफबार्स (दरी किती बार मागे झाली) जिथे शून्य आहे तिथे घ्या, अशी दोन ओळींची पद्धत बॅकटेस्टला लावून पाहा. भांडवलाची रेषा जिन्यासारखी वर चढत जाते, तोट्याचा सौदा औषधालाही सापडत नाही. ही फंक्शन्स भविष्यात डोकावतात असा स्पष्ट इशारा ॲमिब्रोकरच्या मदतपानांतच दिलेला आहे. बनवणाऱ्याने काही लपवलेलं नाही. लपवतात ते पुढचे लोक.

अशा सूत्रांवर बेतलेले ‘नव्वद टक्के अचूक’ इंडिकेटर विकले जातात. चार्टच्या छायाचित्रात प्रत्येक टॉपवर लाल बाण, प्रत्येक बॉटमवर हिरवा. विकत घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बाजार चालू असताना कळतं, की कालचा लाल बाण आज दोन कँडल पुढे सरकला आहे. ट्रेडर याला रिपेंट होणं म्हणतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. त्यात रिपेंट होणाऱ्या बाणांचा वाटा किती, हे कुणी मोजलेलं नाही. पण ज्या तरुणांच्या हातात पगाराची पहिली शिल्लक आहे त्यांना असे बाण विकणं ही उघड फसवणूक आहे, असं मी मानतो. त्यापासून वाचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सूत्र स्वतः वाचता येणं.

झिगझॅग टाकून द्यायचा नाही. तो सरळ चालीने लिहायचा. पहिल्या बारपासून एकेक बार पुढे जायचं, ‘चालू उच्चांक’ आणि ‘दिशा’ अशा दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या, बंद भाव चालू उच्चांकापासून ठरलेल्या टक्क्यांनी खाली आला की त्याच बारवर शिखर पक्कं झाल्याची नोंद करायची. वीस-बावीस ओळींचा लूप होतो. तो सहाव्या प्रकरणात ओळीओळीने उलगडला आहे. टक्के किती धरायचे याला एक उत्तर नाही. निफ्टीत पाच टक्के ही मोठी घसरण असते, एखाद्या स्मॉलकॅपमध्ये तो एका दिवसाचा चढउतार असतो. म्हणून वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये मांडलेला एटीआर, म्हणजे बारांची सरासरी खरी उंची, घेऊन तिच्या पटीत घसरण मोजणं मला जास्त पटतं. शेअर बदलला तरी सूत्र बदलावं लागत नाही.

‘अलीकडचं’ शिखर म्हणजे किती अलीकडचं, हाही प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. निफ्टीने ८ जानेवारी २००८ ला ६,३५७.१० हा उच्चांक केला. मग जगभरची मंदी आली. ५ नोव्हेंबर २०१० ला निफ्टी पुन्हा ६,३३८.५० पर्यंत चढला. त्या दिवशी ज्याच्या स्कॅनरमध्ये ५२ आठवड्यांचा उच्चांक, म्हणजे साधारण २५० बारांची खिडकी होती, त्याला वर आभाळ मोकळं दिसत होतं, कारण २००८ चं शिखर खिडकीतून केव्हाच पडून गेलं होतं. प्रत्यक्षात जुना कडा १९ अंकांवरही उरला नव्हता. तिथूनच बाजार फिरला आणि २०११ सालभर खाली येत राहिला. म्हणून शिखरांची यादी दोन पातळ्यांवर ठेवावी असं मी सुचवतो: एक ठरावीक खिडकीतली, दुसरी अजून न मोडलेल्या सगळ्या जुन्या शिखरांची. दुसऱ्या यादीला संगणकाची मेमरी जरा जास्त लागते, इतकंच.

त्याच तारखेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ५ नोव्हेंबर २०१० हा लक्ष्मीपूजनाचा दिवस होता आणि तो उच्चांक मुहूर्ताच्या सत्रात झाला. मुहूर्ताचं सत्र तासाभराचं, उलाढाल बेताची, पण दैनिक डेटात त्याचा बार इतर बारांच्या बरोबरीने बसतो आणि पाच बारांच्या खिडकीत पूर्ण एक जागा अडवतो. काही जण असे बार गाळून टाकतात. गाळले तर २०१० चा तो ६,३३८.५० हा आकडाच चार्टवरून नाहीसा होतो. मी ते ठेवतो, फक्त सूत्रात त्यांना खूण करून. २ मार्च आणि १८ मे २०२४ च्या शनिवारी एनएसईने आपत्कालीन यंत्रणेची चाचणी म्हणून छोटी सत्रं घेतली होती. त्यांच्या बारांनाही हाच नियम.

डेटाच्या बाबतीत मी आग्रही आहे, कारण उत्तम सूत्रसुद्धा नासक्या डेटावर खोटी शिखरं दाखवतं. रिलायन्सचा भाव ८ जुलै २०२४ ला ३,२१७.६० पर्यंत गेला होता. ऑक्टोबरअखेर एकास एक बोनस आला आणि भाव निम्म्यावर आला. बोनसप्रमाणे जुने भाव दुरुस्त केले तर ते शिखर १,६०८.८० चं होतं. दुरुस्त केले नाहीत तर चार्टवर ऑक्टोबरच्या शेवटी कडेलोट दिसतो, झिगझॅग मोठी घसरण नोंदवतो, आणि पुढचं वर्षभर स्कॅनर ‘उच्चांकापासून पन्नास टक्के खाली’ म्हणून रिलायन्सचं नाव देत राहतो. डेटा विकणारे बहुधा ही दुरुस्ती करतात, पण ती केव्हा करतात हे विचारून घ्या. आपण सकाळी सवानऊला स्कॅन चालवावा आणि दुरुस्ती संध्याकाळी यावी, असं होतं.

कधी कधी बाजारच खोटा भाव छापतो. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका दलाल कंपनीकडून चुकीच्या ऑर्डर गेल्या आणि निफ्टी क्षणात सुमारे ९०० अंक कोसळला. सौदे काही काळ थांबले, बाजार सावरला आणि बंद भाव आदल्या दिवसाहून थोडासाच खाली राहिला. पण डेटात त्या दिवसाच्या बारला लांबलचक शेपूट चिकटून राहिली. एल वर चालणारं २५० बारांचं नीचांकाचं सूत्र पुढे काही महिने त्याच शेपटीला धरून बसलं. सी वर चालणाऱ्या सूत्राला ती दरी दिसलीच नाही. वरच्या बाजूला, शिखरांच्या बाबतीतही असंच घडू शकतं. म्हणून उच्चांकावरून काढलेलं शिखर आणि बंद भावावरून काढलेलं शिखर दोन्ही काढावीत. त्यांच्यात फार तफावत दिसली तर तो बार डोळ्यांनी पाहावा. एवढं काम संगणकावर सोपवू नये.

बाजार चालू असतानाचा बार हाही अपुरा डेटाच आहे. दुपारी बारा वाजता दैनिक चार्टवरचा शेवटचा बार अर्धाच भरलेला असतो. त्या वेळी आलेला संकेत साडेतीनला राहीलच असं नाही. या पुस्तकातली सूत्रं बंद झालेल्या बारांसाठी आहेत. इंट्राडे ट्रेडरांनीही पाच मिनिटांचा बार बंद होऊ द्यावा. ती पाच मिनिटं वाया जात नाहीत.

वाचकांकडून फार पूर्वतयारीची अपेक्षा नाही. बेरीज-वजाबाकी, ‘आणि’-‘किंवा’ या अटी आणि चिकाटी पुरेशी आहे. घरून काम करणाऱ्या गृहिणी, निवृत्त बँक कर्मचारी, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, परदेशात राहून भारतीय बाजारात गुंतवणूक करणारे मराठी लोक, या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून भाषा सोपी ठेवली आहे. प्रकरणं क्रमाने वाचावीत, कारण मागच्या सूत्राचे तुकडे पुढच्या सूत्रात वापरलेले आहेत. कुठला शेअर घ्यावा, कुठला विकावा याचा सल्ला या पुस्तकात कुठेही नाही.

एक विनंती मात्र आहे. इथलं सूत्र असो, मित्राने पाठवलेलं असो की पैसे मोजून घेतलेलं, ते खऱ्या सौद्याला लावण्याआधी ॲमिब्रोकरच्या ‘चेक’ या सोयीने ते भविष्यातले भाव वाचतं का ते पाहा. मग बार रिप्ले लावा आणि किमान वर्षभराचा डेटा एकेक बार पुढे सरकवत बघा. एकदा उमटलेली संकेताची खूण (इथल्या सूत्रांत भरीव चौकोन; पोकळ वर्तुळ मागच्या बारवर उमटणारच) पुढच्या बारला हलली, पुसली किंवा मागे जाऊन नव्याने उमटली, तर ते सूत्र वापरू नका, मग ते कुणीही दिलेलं असो.

या पुस्तकातल्या एखाद्या सूत्रात असं घडताना दिसलं, तर शेअरचं नाव, तारीख आणि बारांची मुदत लिहून प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ते सूत्र दुरुस्त करून छापलं जाईल.